कार्नेशनला ‘बारमाही’ म्हणण्याआधी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत गच्चीवरील बागेसाठी फुलझाडे सुचवणारा लेख आला आहे. त्यात कार्नेशनची ओळख ‘कमी पाण्यावर येणारे, बारमाही, बहुवर्षायू झाड’ अशी एका ओळीत करून दिली आहे. लेख एरवी उपयुक्त आहे आणि जास्वंद, सदाफुली, बोगनवेल यांच्याबद्दल त्यात जे सांगितले आहे ते सोलापूरच्या कोणाही माणसाला पटेल. परंतु कार्नेशनबद्दलच्या त्या ओळीत निरनिराळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. तीच गल्लत आपल्याकडच्या रोपवाटिकांतही होते, त्यामुळे उन्हाळा आला की घरोघरच्या कुंड्या रिकाम्या होतात आणि माणसे ‘आपल्या हाताला फुलझाड लागत नाही’ अशी समजूत करून घेतात. मीही ती करून घेतली होती, म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

नोकरीची सारी वर्षे मी टॉवेलच्या कारखान्यात रंगखात्यात काढली. रंगाची ओढ तिथूनच लागलेली असल्यामुळे निवृत्तीनंतरच्या पहिल्याच फेब्रुवारीत एका रोपवाटिकेत लाल, पांढऱ्या आणि कडेला किरमिजी रेघ असलेल्या कार्नेशनच्या चार कुंड्या दिसल्या तेव्हा भाव न करता मी त्या घरी आणल्या. ‘वर्षभर फुलेल, काका,’ असे तिथल्या मुलाने सांगितले होते. मार्च संपेपर्यंत त्या खरोखरच फुलत राहिल्या. एप्रिलमध्ये एका रोपाची एकच बाजू मलूल पडली. उरलेली अर्धी बाजू हिरवी असल्यामुळे पाणी कमी पडत असेल असे मला वाटले आणि मी सकाळ-संध्याकाळ पाणी घालू लागलो. पंधरा दिवसांत चारही रोपे गेली. शेवटचे रोप उपटून त्याचे खोड मातीलगत उभे चिरले तेव्हा आत तपकिरी रेघा दिसल्या. हा मर रोग होता. जमिनीतल्या फ्युजारियम बुरशीमुळे तो होतो, उबदार मातीत बळावतो आणि खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्याच बंद करून टाकतो. रोप तहानेने मरत असल्यासारखे दिसते म्हणून माणूस आणखी पाणी ओततो, आणि त्या पाण्याने बुरशीचेच फावते.

आता गल्लतीबद्दल. बहुवर्षायू म्हणजे एकापेक्षा अधिक वर्षे जगणारे झाड. बारमाही म्हणजे बाराही महिने फुलणारे. कार्नेशन वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बहुवर्षायू आहे हे खरे, पण ते अल्पायुषी बहुवर्षायू आहे. थंड हवेच्या देशांतही दोन-तीन वर्षांत ते खालून लाकडासारखे होते, विरळ पडते, आणि माळी त्याच्या फुटव्यांपासून नवी रोपे करून घेतात. बारमाही फुलणे हा तर त्याचा मूळ स्वभावच नव्हता. जुनी कार्नेशन उन्हाळ्याच्या तोंडाशी एकदा बहरत आणि थांबत. सतत फुलणाऱ्या जाती फ्रान्समधील लियाँ शहराच्या परिसरात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तयार झाल्या, आणि त्यासुद्धा बाराही महिने फुलतात त्या काचघरात किंवा पॉलिहाऊसमध्ये, रात्रीचे तापमान १० ते १२ अंश आणि दिवसाचे २० ते २४ अंशांच्या आसपास राखले तर. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो आणि रात्रीही गच्चीची फरशी तळपायाला चटका देते. तिथे ‘बारमाही’ हा शब्द ज्या झाडाला लावावा त्याचे नाव सदाफुली आहे.

तिसरी गल्लत झाडांच्या ओळखीची आहे. आपल्याकडे डायन्थस या नावाने हिवाळ्यात जी ठेंगणी, पसरट, चपट्या फुलांची रोपे मिळतात, तीही कधी कधी ‘मिनी कार्नेशन’ म्हणून विकली जातात. ती याच कुळातली, पण चीनकडची वेगळी जात आहे. ती चिवट आणि स्वस्त आहे, पण हंगामापुरतीच. खरे कार्नेशन म्हणजे डायन्थस कॅरिओफायलस. ते ओळखायला फुलाची वाट पाहावी लागत नाही. त्याचे पान अरुंद, लांब, टोकाशी मागे वळलेले आणि राखाडी-निळसर असते. त्यावर अंगठा घासला की मेणाची लव निघते आणि खालचा हिरवा रंग उघडा पडतो. पाने जोडीने समोरासमोर येतात, दोन्ही पानांची बुडे खोडाभोवती एकमेकांना चिकटलेली असतात आणि तिथे खोडाला उसासारखे फुगीर पेर असते. नवी जोडी निघताना दोन्ही पानांची टोके चिमटीत धरल्यासारखी मिटलेली असतात आणि मग मधूनच फाकतात. हे झाड पेराशी फार ठिसूळ आहे. वाकवून बघायला गेलात की ‘कट्’ असा आवाज होऊन फांदी हातात येते. म्हणूनच त्याला काडीचा आधार लागतो, आणि पॉलिहाऊसमध्ये त्यासाठी एकावर एक आडव्या जाळ्या ताणलेल्या असतात.

या झाडाचे मूळ घर भूमध्य समुद्राच्या भोवतालचा मुलूख मानले जाते. रानातले त्याचे फूल अगदी साधे होते, पाच पाकळ्यांचे, गुलाबी-जांभळट, कडा करवतीसारख्या कातरलेल्या. प्राचीन ग्रीकांनी या कुळाला दिव्य फूल या अर्थाचे नाव दिले, त्यावरूनच डायन्थस. नावाच्या दुसऱ्या भागात लवंग आहे, कारण जुन्या जातींना लवंगेसारखा वास येतो, आणि लवंगेत असते ते युजेनॉल नावाचे द्रव्यच त्या वासाच्या मुळाशी आहे. मात्र हारवाल्याकडच्या बुकेमधील कार्नेशन नाकाशी नेले तर बहुधा काहीच येत नाही. फुलदाणीत टिकण्यासाठी आणि प्रवास सोसण्यासाठी निवड करता करता त्या जातींतला वास बराचसा हरवला. बियांपासून येणाऱ्या बागेतल्या जातींत तो अजून शिल्लक आहे, आणि माझ्या मते घरी कार्नेशन लावण्याचे तेवढे एक कारण पुरेसे आहे.

सोलापुरात ते लावायचे तर हिवाळी पाहुणा म्हणूनच लावावे. मी आता बियांपासून येणारी शाबो ही जात लावतो. पाकिटावरचे नाव वाचून दुकानदार तिला चाबॉडही म्हणतात, दोन्ही एकच. हे मूळचे बहुवर्षायूच झाड, पण पेरल्यापासून पाच-सहा महिन्यांत फुलत असल्यामुळे एका हंगामाचे म्हणून लावता येते. बी काळे, चपटे, बारीक असते आणि एका ग्रॅममध्ये साधारण ५०० भरतात, म्हणून एक लहान पाकीट दोन घरांना पुरते.

घरात घटस्थापनेला मातीत धान्य पेरले जाते, त्याच दिवशी मी शेजारी एका पसरट कुंडीत हे बी टाकतो. त्यावर चाळलेल्या गांडूळखताचा जेमतेम बी झाकेल एवढा थर देतो आणि पाणी हाताने शिंपडतो. सात ते दहा दिवसांत अंकुर येतात, म्हणजे दसऱ्याला सोने वाटून घरी यावे तर कुंडीत हिरवी टिंबे दिसतात. त्याआधी पेरण्याची घाई करू नये, कारण भाद्रपदातला उकाडा आणि ओल यांत कोवळी रोपे मातीलगत कुजून आडवी पडतात. दिवाळीच्या सुमारास रोपांना तीन-चार पानजोड्या झाल्या की एकेक रोप दहा इंची कुंडीत न्यावे. ते लावताना खोलवर गाडू नये, पसरट कुंडीत होते त्यापेक्षा किंचित वरच ठेवावे, कारण खोड मातीत गेले की कूज तिथूनच सुरू होते.

कार्तिकी एकादशी उलटल्यावर एक काम मन घट्ट करून करावे लागते. पाच-सहा पानजोड्या झालेल्या रोपाचा शेंडा खुडायचा. पहिल्या वर्षी माझे हात धजले नाहीत आणि प्रत्येक रोपाला एकच उंच, लुकडा दांडा येऊन वाऱ्याने तो मोडला. शेंडा खुडला की पानांच्या बेचक्यांतून चार-पाच फुटवे येतात आणि मग झाड भरते. पुढे गड्ड्याची यात्रा भरते त्या सुमारास, म्हणजे जानेवारीच्या मध्यात, या फुटव्यांच्या टोकांशी गव्हाच्या दाण्याएवढ्या कळ्या चाचपता येतात. दिवस मोठा होऊ लागला की कार्नेशनला फुलण्याची घाई होते, हा त्याचा स्वभावच आहे. त्यामुळे महाशिवरात्रीच्या आसपास पहिली फुले आणि पाडव्यापर्यंत भर बहर असा आमचा क्रम बसला आहे. एका दांड्यावर एकच मोठे फूल हवे असेल तर शेंड्याची कळी ठेवून बाजूच्या कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच काढाव्यात, आणि झुपका हवा असेल तर उलट शेंड्याचीच कळी काढावी. बाजारात स्टँडर्ड (एकच मोठे फूल) आणि स्प्रे (झुपका) असे जे दोन प्रकार सांगतात, त्यांच्या जाती वेगळ्या असल्या तरी कळ्यांची ही निवड दोन्हींत करावीच लागते.

पाण्याबाबत लेखात ‘कमी पाण्यावर’ असे म्हटले आहे. ते अर्धे खरे आहे, आणि आपल्या शहरात उरलेले अर्धेच जास्त महत्त्वाचे ठरते. इथे नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येते त्या दिवशी माणूस टाक्या, पिंप, बादल्या भरून झाल्यावर उरलेल्या पाण्याने कुंड्या काठोकाठ भरतो आणि पुढचे दिवस त्यांच्याकडे बघत नाही. जास्वंद हे सहन करते, कार्नेशन करत नाही. त्याला थोडे, ठरावीक वेळी आणि मुळाशीच पाणी हवे. बोट दोन पेरे मातीत घालून कोरडे लागले तरच द्यावे आणि पानांवर शक्यतो पडू देऊ नये. मातीचेही तेच. आपली काळी माती पाणी धरून बसते आणि वाळली की कुंडीच्या भिंतीपासून सुटून फुटते. मी तिचा एकच हिस्सा घेतो, दोन हिस्से चाळलेला मुरूम व जाड वाळू आणि एक हिस्सा कुजलेले शेणखत. आपल्या मातीतल्या चुनखडीमुळे झाड येणार नाही अशी भीती काही जण घालतात, पण या कुळातल्या रानटी जाती चुनखडीच्या डोंगरांवरही वाढतात. चुन्याचे त्याला एवढे वावडे नाही, साचलेल्या पाण्याचे आहे.

आता खास सोलापुरी अडचण. फुलाच्या खाली जी हिरवी नळी असते, जिला पुस्तकात निदलपुंज म्हणतात, ती पाकळ्यांच्या भाराने एका बाजूला उभी फाटते. फाटलेल्या बाजूने पाकळ्या जिभेसारख्या बाहेर लोंबतात आणि फूल कायमचे वेडेवाकडे होते. दिवस आणि रात्र यांच्या तापमानांत फार अंतर पडले की हे होते. नत्राचा तुटवडा आणि बोरॉनची कमतरता हीही कारणे आहेत, पण फेब्रुवारीत दुपारी ३० च्या पुढे आणि पहाटे १५ च्या आसपास अशी हवा असलेल्या गावात पहिला संशय हवेवरच घ्यावा. कुंड्या मी पूर्वेच्या भिंतीलगत ठेवतो. भिंत दुपारी सावली देते आणि रात्री थोडी ऊब सोडते. तरीही काही कळ्या फाटतातच. मोठ्या बागांत फाटू लागलेल्या कळीवर बारीक रबरी कडे चढवतात. तसे रबर मी आणले होते, ते आमच्या उन्हात आठवडाभरात तडकले. मग सुताच्या गावात राहून रबर कशाला, असे म्हणून चादरीच्या सुतातला जाड दोरा घेतला आणि नळीच्या मध्यावर दोन वेढे देऊन सैल गाठ मारली. कळी रंग दाखवू लागते, पण पाकळ्या अजून आत असतात, तेवढ्याच दिवसात हे करता येते. उशीर झाला तर गाठ नुसतीच शोभेची.

कीड म्हणाल तर उन्हे तापू लागली की पानांच्या खालच्या बाजूला लाल कोळी येतो. पान मातकट आणि ठिपक्याठिपक्यांचे दिसू लागले की हाच समजावा. पांढऱ्या फुलांवर फुलकिडे जास्त दिसतात. यावर लिहायला वेगळा लेख लागेल.

रंगांबद्दल मात्र थोडे लिहिल्यावाचून राहवत नाही. आपल्याकडे गुलाबावरून गुलाबी रंग आला, तसेच इंग्रजीत ‘पिंक’ हे नाव आधी डायन्थस कुळातल्या फुलांचे होते आणि रंगाला ते त्यांच्यावरून मिळाले. शेड कार्डावर तो शब्द आयुष्यभर वाचूनही मला हे निवृत्तीनंतर कळले. विल्यम सिम या अमेरिकेतील बागाईतदाराच्या नावाने ओळखली जाणारी लाल जात १९३८ च्या सुमारास निघाली, आणि त्या एका लाल झाडाच्या फांद्यांवर आपोआप बदल होऊन पांढरी, गुलाबी, पट्टेदार अशा कितीतरी जाती मिळत गेल्या. निळा रंग मात्र या झाडाला कधीच साधला नाही. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातून मूनडस्ट नावाचे जांभळट कार्नेशन बाजारात आले, तेही पेटुनियाचे जनुक घालून. तेव्हा समारंभात दिसणारे गडद निळे कार्नेशन हे पांढऱ्या फुलाचा दांडा रंगाच्या पाण्यात ठेवून केलेले असते. पाकळी उजेडासमोर धरावी. रंग शिरांमध्ये आणि कातरलेल्या कडेला साचलेला दिसतो आणि मधला भाग फिका राहतो. कारखान्यात अशा थानाला आम्ही डागी म्हणून बाजूला काढत असू.

फूल कापून घरात ठेवले तर पाणी बदलत राहिल्यास दोन आठवडे सहज टिकते, आणि कापताना दांडा दोन पेरांच्या मधोमध कापावा. एक चूक मात्र आमच्याच घरात झाली. देवघराशेजारी फुलदाणी होती आणि तिच्या पायथ्याशी प्रसादाची केळी. दुसऱ्या दिवशी सगळ्या फुलांच्या पाकळ्या पावसानंतर छत्री मिटावी तशा आत वळल्या. पिकणाऱ्या फळांतून निघणारा इथिलीन वायू कार्नेशनला अजिबात सोसत नाही. फूल म्हातारे होताना स्वतःही तोच वायू सोडते, आणि परागसिंचन झाले की तो लवकर सुटू लागून पाकळ्या झपाट्याने मिटतात. झाडाच्या दृष्टीने काम झालेले असते. पुढे बोंड वाळते, त्याचे टोक चार दात उघडल्यासारखे फाकते आणि काळे बी दिसते. ते जमवायला हरकत नाही, पण भरगच्च फुलाच्या बियांतून काही रोपे पाच पाकळ्यांची एकेरी निघतात. त्याबद्दल बीवाल्याशी भांडू नये.

हिंदीत या फुलाला गुलनार म्हणतात. मूळ फारसीत गुलनार म्हणजे डाळिंबाचे फूल. जिल्हाभर डाळिंबाच्या बागा आणि शहराच्या कडेला केगावला डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र असलेल्या आपल्या लोकांनी तरी या नावाला परके मानू नये. डाळिंबाचे फूल आणि लाल कार्नेशन शेजारी ठेवून पाहिले की नाव का जुळले असेल ते दिसते.

उन्हाळ्यात झाड वाचवता येते का, असे मला अनेकजण विचारतात. गेल्या वर्षी अकरा कुंड्या मी उत्तरेच्या बोळात हिरव्या जाळीखाली ठेवल्या, फुले येऊ दिली नाहीत आणि खत बंद केले. त्यांतल्या दोन जगल्या, आणि त्या दोघींनी पुढच्या हंगामात दिलेली फुले नव्या रोपांच्या फुलांपुढे किरकोळ होती. आवडता रंग टिकवायचाच असेल तर डिसेंबर-जानेवारीत बाजूच्या फुटव्यांची बोटभर लांबीची छाट कलमे ओलसर वाळूत लावावीत. तीन-चार आठवड्यांत त्यांना मुळे फुटतात आणि उन्हाळा ओलांडण्याची शक्यता म्हाताऱ्या झाडापेक्षा या तरुण कलमांची अधिक असते. एरवी मे महिन्यात झाड गेले तर ते आपल्या चुकीने गेले असे समजू नये.

तेव्हा माझी विनंती दोन प्रकारची आहे. आपल्या पुरवणीच्या पुढील अंकात, जमल्यास घटस्थापनेपूर्वी, त्या ओळीची दुरुस्ती छापावी, म्हणजे यंदाच्या पेरणीला तिचा उपयोग होईल. आणि शहरातील रोपवाटिकांनी कार्नेशनच्या कुंडीला चिठ्ठी लावताना तिच्यावर जातीचे नाव, रोप बियांचे की कलमाचे आणि पेरणीचा किंवा लावणीचा महिना, एवढे लिहावे. फेब्रुवारीत फुलांसकट विकले जाणारे रोप त्याच्या आयुष्याच्या शेवटाकडे आले आहे हे गिऱ्हाइकाला आधी कळले, तर तो ते हौसेने घेईलही, पण मे महिन्यात त्याला दिवसातून दोनदा पाणी घालणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त कारखाना-कर्मचारी, जुळे सोलापूर